हळू करून दाखवा

कंदिलाचा दोरा तुटला, एवढंच झालं होतं. दिवाळीच्या आधीचा रविवार, भांडुपच्या आमच्या घरात हॉलभर बांबूच्या काड्या, रंगीत जिलेटीन, खळीचा तो आंबूस वास, आणि मध्यभागी माझी लेक कंदिलाचा सांगाडा बांधत बसलेली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे ते महिनाभर आमच्याकडेच होते, काळा चष्मा लावून सोफ्याच्या कोपऱ्यात रेडिओ ऐकत. काडी आवळताना दोरा तट्कन तुटला आणि लेक वैतागली, झालं, आता सगळं सोडून पहिल्यापासून. बाबांनी चष्मा काढला नाही की रेडिओ बंद केला नाही, नुसता हात पुढे केला. तिनं दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली. पुढे काय झालं ते मला खरंच सांगता येणार नाही, टोकं बोटांत गेली, अंगठा जरासा हलला आणि दोरा अखंड होऊन परत आला. गाठ कुठे आहे ते नखानं चाचपून शोधावं लागलं, तांदळाच्या कणीएवढीसुद्धा नव्हती.

लेक म्हणाली, आजोबा परत करा ना. त्यांनी केली. मग ती म्हणाली, आता हळू करून दाखवा, मला शिकायचीय. आणि इथेच सगळं अडलं. बाबांनी टोकं धरली, एकावर एक ठेवली आणि थांबले. पुन्हा धरली. दोरा निसटला. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्यांचा हात चक्क थरथरत होता. गिरणीत पंधरा वर्षं ज्या माणसानं दिवसातून शेकड्यांनी ही गाठ मारली त्याला ती हळू मारता येईना. ‘अगं ते हात करतो, मी नाय करत,’ ते म्हणाले, आणि दोरा बाजूला ठेवून स्वतःच्या हातांकडे बघत बसले. काळ्या चष्म्याआड डोळे दिसत नव्हते पण मान खाली होती. लेकीनं मग मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं, भरभर मारायला लावून. रात्री ती व्हिडिओ पुढेमागे करत राहिली, पण जे घडतं ते अंगठ्याच्या आड घडतं, कॅमेऱ्याला दिसतच नाही.

मला रात्री झोप लागली नाही.

त्याला कारण होतं. मी मेडिक्लेमचे क्लेम तपासण्याच्या कामात आहे, बावीस वर्षं झाली, ऐरोलीला ऑफिस. त्या महिन्याच्या सुरुवातीला आम्हा चौघा सीनियर लोकांना बोलावून सांगितलं होतं की तुम्ही क्लेम कसा तपासता ते सगळं स्टेप बाय स्टेप लिहून काढा, सहा आठवडे आहेत, ते नवीन एआय टूलमध्ये घालायचंय. मी रोज संध्याकाळी बसत होते लिहायला. कागदपत्रं पूर्ण आहेत का, तारखा जुळतात का, बिलावर शिक्का आहे का. दोन पानं झाली आणि पुढे सरकेना. कारण ज्यासाठी माझ्याकडे फाईल पाठवतात ते या दोन पानांत नाहीच. म्हणजे बघा, परवा एक केस आली, चार दिवस ॲडमिट, सगळे पेपर व्यवस्थित. पण नर्सिंग चार्टवर दर चार तासांनी बीपी लिहिलेलं, आणि चारही दिवस, रात्री दोन वाजतासुद्धा, एकशेवीस-ऐंशी. जिवंत माणसाचं बीपी असं राहत नाही. आणि सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं, जणू कुणीतरी एका बैठकीत बसून लिहिलंय. हे मी शोधायला गेले नव्हते, फाईल उघडली आणि काहीतरी खटकलं, मग का खटकलं ते नंतर सापडलं. आता हे ‘खटकणं’ कितव्या स्टेपला लिहू? बीपीचं लिहिलं तर पुढच्या वेळी दुसरंच काहीतरी असणार. बाबांच्या हातातून निसटणारा दोरा बघताना मला माझी ती अर्धवट वर्ड फाईल दिसत होती.

बाबा गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. १९६७ साली संगमेश्वरकडून मुंबईत आले, अठरा वर्षांचे, आणि चुलत्यानं त्यांना गिरणीत नेलं. नेलं म्हणजे नोकरीला लावलं नाही, नुसतं आपल्या साच्यापाशी उभं केलं. कित्येक महिने पगार नाही काही नाही, चुलत्याच्या पाळीला जायचं, बघायचं, सूत तुटलं की जोडायचं, शिव्या खायच्या. मग बदली कामगाराचं कार्ड, मग कधीतरी कायम. शिकवणं असं काही नव्हतंच म्हणतात ते, साचे चालू झाले की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, सगळं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून. आमच्या घरात बाबा अजून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलतात ते त्यामुळे. आणि गाठीचं महत्त्व हे की ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एक धागा तुटला तर साचा थांबवायला लागतो, साचा थांबला की कापड थांबलं, कापड थांबलं की पैसे थांबले, कारण पगार कापडावर. गाठ जाडी झाली तर फणीतून जाताना अडकून पुन्हा तुटणार. म्हणून ती बारीक हवी आणि पटकन हवी, हवेत सूत उडतंय, घामानं बोटं ओली आहेत, शेजारचे तीन साचे चालूच आहेत आणि त्यांच्याकडेही लक्ष हवं. आता विचार करते की त्या महिन्यांचा खर्च कुणी केला? गिरणीनं नाही. चुलत्यानं स्वतःच्या पगारातून पुतण्याला खाऊ घातलं, खाणावळीचे पैसे त्यानं दिले. गिरणीला तयार विणकर मिळाला, फुकट.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. चुलत्यानं नेलं म्हणून बाबा शिकले, पण ज्याचा चुलता साळखात्यात नाही त्याचं काय? धोट्यात, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नावेत, नवी नळी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायची पद्धत होती, आणि एकाच धोट्याला पुढे दुसऱ्याचंही तोंड लागणार, म्हणून दलित कामगारांना साळखात्यात येऊच द्यायचे नाहीत. जास्त पगाराचं खातं ते. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. बाबा म्हणतात आमच्या वेळेला असं उघड कुणी म्हणायचं नाही. पण तुमच्या खात्यात कोण होते आणि त्रासनात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, कोण होते हे विचारलं की ते गप्प होतात. आमच्याच मजल्यावरचे एक काका अख्खी नोकरी त्रासनात होते, बाबांपेक्षा हुशार, वायरमनचं काम नुसतं बघून शिकलेले. त्यांचे हात साच्यावर कसे चालले असते हे कुणालाच कळलं नाही. ज्या दारातून विद्या आत येते तेच दार लावूनही घेता येतं, आणि आमच्या घराला त्या दाराचा फायदा झाला, हे मला माहीत आहे.

लेक टीवायला आहे, इकॉनॉमिक्स. २०२५चं अर्थशास्त्राचं नोबेल जोएल मोकिर, फिलिप अगियाँ आणि पीटर हॉविट यांना मिळालं ना, त्यावर तिला कॉलेजात प्रेझेंटेशन द्यायचं होतं, म्हणून घरात तोच विषय. अगियाँ-हॉविटनी १९९२ साली गणितात मांडलं की नवं येतं ते जुन्याला मोडूनच येतं, आणि वाढ त्यातूनच होते. तिच्या स्लाईडवर ‘सर्जनशील विनाश’ लिहिलेलं बघून बाबांनी अर्थ विचारला. तिनं सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिनं मोकिरांचं सांगितलं, की नुसत्या कल्पना असून भागत नाही, त्या कल्पना लोखंडा-लाकडात उतरवू शकणारे हात लागतात, ‘का’ कळणारा आणि ‘कसं’ जमणारा एकमेकांना भेटावे लागतात, इंग्लंडात असे कारागीर भरपूर होते म्हणून तिथे यंत्रयुग टिकून राहिलं. हे ऐकून बाबा सरसावून बसले. पण त्यांना खरं पटलं ते स्वीडनमधल्या हॉर्नडाल नावाच्या लोखंडाच्या कारखान्याचं. तिथे पंधरा वर्षं म्हणे एकही मोठी नवी गुंतवणूक झाली नाही, यंत्रं तीच, तरी दर तासाचं उत्पादन वर्षाला साधारण २ टक्क्यांनी वाढत राहिलं. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली हे उदाहरण घेऊन सिद्धांत मांडला की माणूस काम करता करता शिकतो आणि ते शिकणं हीच एक भांडवलासारखी गोष्ट आहे. बाबांनी लगेच विचारलं, ‘माणसं तीच होती ना? काढून दुसरी घेतली नव्हती ना?’ लेकीकडे उत्तर नव्हतं. पण तिनं वहीत प्रश्न लिहून घेतला, ते मी बघितलं.

याच्या उलटंही आहे आणि ते आपल्याच गिरण्यांबद्दलचं आहे. ग्रेगरी क्लार्क नावाच्या इतिहासकारानं १९८७ साली दाखवलं की १९१०च्या सुमाराला यंत्रं जवळपास सगळीकडे सारखीच होती, पण अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधला एक कामगार आपल्याकडच्या जवळजवळ सहा जणांएवढं काम सांभाळायचा. मला हे वाचून आधी रागच आला. मग आठवलं की इथे दोनाऐवजी तीन-चार साचे सांभाळा म्हटल्यावर १९२८ला संप झाले होते, कारण एकानं चार सांभाळले तर उरलेल्यानं जायचं कुठे? तो आळस नव्हता, शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या गाववाल्याचा विचार होता. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं, एकाच्या पोटावर पाय देऊन दुसरा हुशार कसा होणार? बाबांच्या काळापर्यंत चार साचे झाले होते, ते त्यांनी चालवलेही. पण ‘जास्त शिकलो तर कुणाचं तरी जाणार’ ही भीती ज्या खोलीत असते तिथे शिकण्याची किंमत वेगळीच असते, ती आकडेवारीत कशी धरायची मला माहीत नाही.

१८ जानेवारी १९८२. ही तारीख आमच्या घरात वाढदिवसासारखी पाठ आहे. मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. तो संप कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही. आईनं पापड लाटायला घेतले, आणि बाबा संपाचं पहिलं वर्ष घरीच असायचे, सकाळी उठून तयार व्हायचे आणि गॅलरीत उभे राहायचे, भोंगा व्हायचा नाही. मग भिवंडीला पॉवरलूमवर गेले काही महिने, बारा बारा तास, पैसे निम्म्याहून कमी, आणि शेवटी एका सोसायटीत वॉचमन. तेहतीस-चौतीस वर्षांचा माणूस, हातात पंधरा वर्षांची विद्या, आणि काम गेट उघडायचं. पुढे गिरणी कायमची बंद झाली. जमिनीचा भाव स्क्वेअर फुटात ठरला, साचे भंगारात किलोवर गेले, गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीसाठी फॉर्म भरला तेव्हा बाबांनी तिकीट नंबरापासून सगळे पुरावे लावले. प्रत्येक गोष्टीची कुठे ना कुठे नोंद झाली. बोटांची कुठे नोंद नाही.

मी जून १९८१ला इंग्रजी शाळेच्या ज्युनिअर केजीत गेले होते, संपाच्या सहा-सात महिने आधी. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तो म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत. लहानपणी मला वाटायचं माझे जास्त लाड. खरं कारण आईनं खूप नंतर सांगितलं: दादाला गिरणीत लागायचंच होतं, बाबा होते, चुलतआजोबा होते, त्याला इंग्रजी कशाला हवं, मी मुलगी, मला गिरणीत कोण घेणार, मग निदान हिला तरी शिकू दे. लेकीनं मला एक रिसर्च पेपर दाखवला, कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा, २००६चा, आणि तो चक्क दादरच्या शाळांवर आहे. वीसेक वर्षांतली मुलं-मुली, कुणाला मराठी माध्यमात घातलं, कुणाला इंग्रजी. त्यात निघालं की जातीच्या, गावकीच्या ओळखीवर मुलग्यांना कामं मिळायची, म्हणून मुलगे जुन्या वाटेवर राहिले, आणि जिथे मुलींसाठी अशी ओळख नव्हतीच त्या मुली झपाट्यानं इंग्रजीकडे वळल्या, पुढे गेल्या. पानं उलटताना मला आमची दहा बाय बाराची खोली दिसत होती. दादाला आधार होता म्हणून तो अडकला, मला नव्हता म्हणून मी सुटले. दादानं नंतर काय काय केलं, झेरॉक्सचं दुकान, कुरिअर, आता एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. माझी फी ज्या पापडांतून गेली ते पापड पोचवायला तोच जायचा, शाळा सुटल्यावर, पिशवी खांद्याला लावून.

आणि आता माझ्या समोर बसणारी पोरं. दोन वर्षांपूर्वी जी पाच नवीन मुलं आली त्यांना मी पहिले सहा महिने साध्या फाईली दिल्या, ताप, डेंग्यू, अपेंडिक्स, अशा शेकडो. कंटाळायची. पण खरी फाईल कशी दिसते हे डोळ्यांत बसतं ते त्या कंटाळ्यातूनच, मग खोटी समोर आली की खटकते. आता साध्या फाईली टूल करणार, आणि कठीण तेवढ्या माणसाकडे येणार. या वर्षी नवीन एकच मुलगी घेतली, तिला मी काय देऊ? तिला साच्यापाशी उभं करायचं तर साचाच बंद आहे. मी टूलच्या विरोधात नाही, खरंच नाही, ते चुका पकडतं, रात्री दमत नाही, आणि बावीस वर्षांत मी किती निरर्थक टायपिंग केलंय ते मलाच माहीत. पण दहा वर्षांनी मी रिटायर होईन तेव्हा टूलला ‘इथे काहीतरी खटकतंय’ असं सांगणारं माणूस कुठून येणार, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला, आणि सगळे दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले आणि पुढची स्लाईड आली. लेकीच्याच नोट्समध्ये आहे, तारापूर-उंबरगावकडच्या कापड कारखान्यांत २००८च्या सुमाराला संशोधकांनी फुकट सल्लागार पाठवून व्यवस्थापन सुधारून दिलं, दोषांची रोज नोंद ठेवा, यंत्रांची देखभाल वेळेवर करा, अशा साध्या गोष्टी, आणि पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नऊ वर्षांनी परत जाऊन बघितलं तर त्यातल्या जवळजवळ निम्म्या पद्धती बंद पडलेल्या. एक मोठं कारण काय, तर मॅनेजर बदलले. लिहिलेलं होतं सगळं, माणूस गेला.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झालं, फराळ झाला, कंदील खिडकीत लागलेला होता आणि त्याच्या खाली लेकीनं जपून ठेवलेला दोऱ्याचा तुकडा अजून टीपॉयवर पडला होता. ती मामाला सहज सांगत होती, आजोबांना ती गाठ हळू येतच नाही, व्हिडिओतपण दिसत नाही. दादानं चकलीचे हात पँटला पुसले आणि दोरा उचलला. मधोमध तोडला. डावं टोक वर, उजवं खाली, फुली करून अंगठ्यानं दाबलं. ‘हे असं,’ म्हणाला. मग उजव्या दोऱ्याचा लांब भाग अंगठ्याच्या नखावरून घेतला, त्याच्याच टोकाच्या मागून फिरवून पुढे आणला, मग डावं टोक वाकवून अंगठ्याखालच्या फासात सरकवलं. जिभेचं टोक बाहेर, लहान मुलासारखं. मग ओढलं. गाठ जरा जाडी झाली, पण बसली.

मी म्हटलं, दादा, तुला कुठून येते?

‘संपात बाबा घरी होते ना, तेव्हा शिकवलेली. संप सुटला की लागेल म्हणून.’

बाबांनी काळा चष्मा काढला. ड्रॉप घालायची वेळ झाली होती, मी उठायला हवं होतं, उठले नाही. ते पुढे वाकले, दादाचा डावा अंगठा आपल्या चिमटीत धरला आणि थोडा आत वळवला. ‘इथं दाब,’ म्हणाले, ‘नखानं नाय, मांसानं.’ दादानं मान हलवली. चोपन्न वर्षांचा माणूस. लेकीनं मोबाईल काढून दोघांच्या हातांच्या अगदी जवळ नेला.

‘मामा, परत एकदा.’

त्यानं दोरा पुन्हा तोडला.